सिंकमधला कप

प्रिय आत्या,

परक्या घरी रिकामं बसू नये, हे तू मला बाराखडीच्या आधी शिकवलंस. म्हणून परदेशी शिकायला आल्यावर, ज्या कुटुंबाने वर्षभरासाठी ठेवून घेतलं त्यांच्याकडे मी, कुणी न सांगता, रोज सगळ्यांची भांडी घासली.

काल आम्हा विद्यार्थ्यांना अशा घरी पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी विचारलं, "तुला राबवतात का गं?"

"नाही हो, मीच घासते."

मी घाबरून लपवतेय, असं त्यांना वाटलं. आज मला दुसऱ्या घरी हलवताहेत. या घरी आता कुणालाच पाठवणार नाहीत.

मला ताई म्हणणारी इथली धाकटी मुलगी दारात म्हणाली, "माझ्या आईला वाईट ठरवलंस. झालं समाधान?"

निघताना सिंकमध्ये तिचा कप होता. हात शिवशिवले, पण धुतला नाही.

हे पत्र पाठवत नाही. तू ते सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवशील.

तुझी गुणी भाची