श्रावणचे राहिलेले जेवण

मी, उकंडा वल्द गोविंदा सुतार, वय साठीच्या आसपास, धंदा आधी कापसाच्या जिनात फिटर व आता बसल्या जागी सुतारकाम, राहणार नेर परसोपंत, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, माझ्या मागे काय कोणाचे हे आज राजीखुशीने ठरवून ठेवतो. माझ्या पायांवर सूज आहे आणि चार पावलं चाललो की दम लागतो, पण डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी ते पाहून घेतलं आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण माझं डोकं फिरलं आहे असं माझा सख्खा धाकटा भाऊ भगवान कोर्टात शपथेवर सांगून बसला आहे.

हा कागद पूनमसिंग अर्जनवीस माझ्या तोंडून लिहून घेत आहेत. मी वऱ्हाडी बोलतो, ते शुद्ध करतात. जिथे मला माझाच शब्द हवा आहे तिथे मी त्यांना तो बदलू देत नाही, म्हणून ते थोडे चिडले आहेत.

कलम पहिले. माझ्या तोंडात शेवटचं पाणी भगवानने घालू नये. ते युनूस मिस्त्रीने घालावं. युनूस आणि मी जिनाच्या एकाच इंजिनावर उमर काढली आहे. मुसलमानाच्या हातचं पाणी कसं, असं भावकीत कोणी म्हणेल. ते मयतीला आले नाहीत तरी चालेल.

कलम दुसरे. माझी सगळी हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट आणि बाकावरचा शिकंजा, युनूसला द्यावी. यातून एक करवत वगळावी. तिची मूठ भगवानने लहानपणी मोडली होती आणि मार मी खाल्ला होता. ती करवत भगवानला द्यावी. मूठ त्याने स्वतः बसवून घ्यावी.

कलम तिसरे. माझी सागवानी पेटी भगवानची बायको विमल हिला द्यावी. ती माझ्यासमोर कधी तोंड वर करून बोलली नाही, जेठासमोर बोलायची रीत नाही. पण ज्या दिवशी घरातले सगळे खोटं बोलत होते, त्या दिवशी दाराआडून खरं तीच बोलली. पेटीत माझ्या आईचं लुगडं आहे, तेही तिचंच.

कलम चौथे, श्रावणबाबत. इथे पूनमसिंगांनी लेखणी थांबवली आणि विचारलं, "याले काय लिहू? बाहुली लिहू का यंत्र?" मी म्हटलं, आधी ऐका, मग ठरवा.

बसस्टँडच्या कडुलिंबाखाली पाणपोई आहे. तिथे आधी जो माणूस पाणी पाजायचा तो तोंड पाहून पाजायचा. कोणाला गडू हातात, कोणाला वरून धार, आणि कोणाला दूर उभं करून. मला ते पाहवेना. जिनातलं मोडकं सामान घेऊन मी सागवानाचा माणूस केला, पुरा माणसाच्या उंचीचा. समोरच्या फळीवर पाय दिला की त्याचा उजवा हात गडू कलता करायचा, पाणी ओंजळीत पडायचं, आणि पाय काढला की तो मान लववून नमस्कार करायचा. खांद्याची पितळी खीळ युनूसने लेथवर काढून दिली. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, डोळे नको करू. मले ते चालत नाई." म्हणून मी त्याच्या पापण्या मिटलेल्या कोरल्या. त्यानं तोंड आणखीच शांत दिसायला लागलं.

नाव देण्याआधी मी त्याला उकिरड्यावर ठेवून आलो. हसणाऱ्यांनी हसावं. माझ्या आधीची चार-दोन नाही, सगळीच भावंडं गेली होती, म्हणून मी जन्मलो तेव्हा मला उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीने उचलून आईच्या पदरात टाकलं. म्हणून मी उकंडा. उचलेपर्यंत मी कचराच होतो, कोणीतरी उचललं म्हणून माणसात आलो. त्यालाही मी तसाच उचलून आणला आणि श्रावण नाव ठेवलं, पाणी पाजणारा म्हणून.

मग सगळं नेर त्याच्या हातचं पाणी प्यालं. बामण प्याले, पाटील प्याले, महारवाड्यातले प्याले, जे त्या सालीच बौद्ध झाले होते. सगळ्यांना एकच धार. येता-जाता लोक "राम राम श्रावणराव" म्हणायचे. तो बोलत नव्हता, त्याला तहान नव्हती, हे मला ठाऊक आहे. मी वेडा नाही, ते वर लिहिलंच आहे.

आता मागच्या पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी बैलाला मालकाच्या आधी पुरणपोळी. भगवान आपले बैल शेकून तीच वाटी घेऊन पाणपोईवर आला. म्हणाला, "दादा, याचाही खांदा झिजून राह्यला." आणि श्रावणच्या खांद्याला त्याने तूप-हळद लावली. त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या भावाला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. मला वाटलं, माझं हे काम घरातल्या एकाला तरी समजलं. "रातचाच घेऊन जातो बंडीत, उद्या बैलांना जुंपता येत नाई," असं म्हणून तो श्रावणला घेऊन गेला. बैलबंडीत मी स्वतः हात लावून चढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुतलेलं धोतर नेसून मी त्याच्या दारात गेलो. बैल जेवत होते. श्रावण कुठे होता? भगवान म्हणाला, रंगवाले धाडला. त्याचा पोरगा म्हणाला, मामाच्या गावी आहे. तेव्हा विमल दाराआडून बोलली, "कायले खोटं सांगता? त्याले इकलं. खेळवाल्याइनं सकाळीच नेलं." पोळ्याच्या बाजाराला खेळतमाशाची एक फिरती कंपनी आली होती, तिच्या मालकाशी भगवानचं आधीच ठरलं होतं. किती घेतले ते मी विचारलं नाही, आजही मला ऐकायचं नाही. बैल म्हातारा झाला म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. जेवायला बोलावून विकणारा मी हा एकच पाहिला, आणि तो माझ्या आईच्या पोटचा निघाला.

कलम पाचवे, कोर्टाबाबत. मी दावा लावला. माझे वकील भला माणूस. ते म्हणाले, "उकंडाजी, शपथेवर फक्त एवढं म्हणा, की ती माझ्या मालकीची वस्तू आहे. आठ दिवसांत घरी आणून देतो." मी म्हटलं, तो माझा आहे, पण वस्तू नाही. तुमचा मुलगा तुमचाच ना, मग तो तुमची वस्तू आहे का? वकिलांनी कपाळाला हात लावला.

न्यायाधीश साहेबांनी मला बोलू दिलं. मी म्हटलं, आमच्या मारोतीच्या नावावर शेत आहे. मारोती दगडाचा आहे. त्याच्या शेताचा बांध कोणी कोरला तर मारोती स्वतःच्या नावाने दावा लावतो आणि जिंकतो. मग लाकडाच्या श्रावणला, ज्यानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, त्याला एवढाही हक्क नाही का, की त्याला कोणी विकू नये? साहेब म्हणाले, देवाची गोष्ट निराळी, ती कायद्याने मानली आहे. मी म्हटलं, मानली म्हणूनच झाली ना? साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण कायद्यात तशी सोय नाही."

मग भगवानची पाळी आली. माझ्या वकिलांनी त्याला विचारलं, तुम्ही श्रावणला माणसासारखं आवतन दिलं होतं का? तो हसला. म्हणाला, "साहेब, तो माणूस असता तं त्याची जात नसती का विचारली? माणूस असता तं गाव त्याच्या हातचं प्यालं असतं का?" कोर्टात सगळे हसले. त्याचा तो प्रश्न मला रात्रंदिवस खातो.

युनूसखेरीज गावातून एकही माणूस साक्षीला आला नाही. पाणपोईसमोर देवीलालचं चहाचं दुकान आहे. उन्हाळाभर तो श्रावणच्याच हातचं पाणी प्यायचा. मी त्याच्याकडे गेलतो. तो म्हणाला, "उकंडाभाऊ, मले यात ओढू नका. लोक हसतीन." शेवटी वकिलांनी दावा मागे घेतला, पुन्हा लावायची मोकळीक ठेवून.

कलम सहावे. या हिवाळ्यात युनूस ढाणकीच्या बाजाराला गेला होता. तिथे त्याला श्रावण दिसला. आल्यावर तो थेट माझ्या बाकापाशी येऊन बसला. मग म्हणाला, "भाऊ, त्याइनं त्याले डोळे काढले. उघडे. लाल रंगानं." श्रावणला राक्षस करून तंबूच्या तोंडाशी उभा केला आहे. लोक त्याच्या डोक्याला चिंध्यांचा चेंडू मारतात. नेम बसला की तो मान लववतो. ती मान मी नमस्कारासाठी केली होती. त्या सांध्यात लाकूड घासू नये म्हणून मी मेण भरलं होतं. आता तो मार खाऊन नमस्कार करतो, आणि बघणारे टाळ्या वाजवतात.

हे ऐकल्यावर मी पूनमसिंगांना बोलावणं धाडलं.

कलम सातवे. लिहा पूनमसिंग, आणि शुद्ध करू नका. श्रावण नावाचा, सागवानी लाकडाचा, माणसाच्या उंचीचा जो घडीव पुतळा आज सदर खेळाच्या कंपनीच्या ताब्यात आहे, तो मी माझ्या पैशाने व माझ्या हाताने केलेला आहे, तो मी कोणास विकला वा दिलेला नाही, व तो माझ्या मालकीची वस्तू आहे. ती वस्तू मी युनूस मिस्त्रीस देतो. त्याने ती ताब्यात घेण्यासाठी लागेल तो दावा लावावा.

पूनमसिंग म्हणतात, एवढ्यावर श्रावण नक्की परत येईल. त्यांनी मला विचारलं, हेच कोर्टात काहून नाही म्हटलं? मी त्यांना म्हटलं, पुढचं कलम लिहा.

कलम आठवे व शेवटचे, घराबाबत. नेर येथील माझं राहतं घर माझ्या स्वकमाईचं आहे, त्यात कोणाचा हिस्सा नाही. ते मी भगवानला देतो, पण एका अटीवर. श्रावण परत आल्यावर जो पहिला पोळा येईल, त्या दिवशी भगवानने श्रावणला आपल्या दारात पाटावर बसवावं, बैलांच्या आधी त्याला पुरणपोळीचं ताट स्वतःच्या हाताने वाढावं, आणि ताट उचलेपर्यंत गावासमोर त्याच्यापाशी बसून राहावं. श्रावण जेवणार नाही, हे सांगायला कोणी येऊ नये. आवतन दिलेलं आहे, ते जेवण राहिलेलं आहे. भगवानने हे केलं तर घर त्याचं. लाज वाटली तर युनूसने घर विकून त्या पैशात पाणपोई चालवावी, आणि फळीसमोर श्रावणलाच उभा करावा.

वाढण्याआधी युनूसने त्याचे रंगवलेले डोळे खरवडून काढावे आणि पापण्या पुन्हा मिटवाव्या. हे काम दुसऱ्या कोणी करू नये.

या कागदाचा अंमल युनूसने करावा. त्याला हत्यारं मिळत असल्याने तो साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून साक्षीला दुसरे बोलावले आहेत. सगळा मजकूर पूनमसिंगांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्याच बोलण्याबरहुकूम आहे, आणि तो ऐकताना खोलीत साक्षीदार हजर होते.

मुक्काम नेर परसोपंत, तारीख ९ फेब्रुवारी १९६३.

सही: उकंडा गोविंदा सुतार

लिहिणार: पूनमसिंग अर्जनवीस

साक्षीदार:

१. मोहिउद्दीन वल्द गुलाम नबी, सायकल दुरुस्ती, नेर. उकंडाजींनी माझ्यासमोर सही केली.

२. देवीलाल, चहाचे दुकान, बसस्टँड, नेर. उकंडाजींनी माझ्यासमोर सही केली. मी श्रावणच्या हातचं पाणी प्यालो आहे. हे मी माझ्या हाताने लिहिले, कोणी सांगितले नाही.