दोन चमचे विरजण

प्रिय सायली,

परवा फोनवर "सगळं ठीक आहे मावशी" म्हणालीस, पण आवाज अगदी तुझ्या आईसारखा निघाला. दातदुखीनं गाल सुजला तरी सुवर्णा ठीकच असायची. शुक्रवारी कंपनीचे साहेब शिरूरला येऊन तुझी फ्रँचायझी ठेवायची की काढून घ्यायची ते ठरवणार, हे मला शेवटी तुझ्या नवऱ्याकडून, ज्ञानेशकडून कळलं. फोनवर बोलायला गेलं की मला रडण्याचा कढ येतो, म्हणून लिहायला बसले. अक्षर सांभाळून घे. तू पहिलीत असताना सुट्टीला यवतला यायचीस, तेव्हा तुझ्याच पाटीवर तुझ्याबरोबर गिरवलेलं आहे.

गोठवलेल्या दह्याचं दुकान काढतेस म्हणालीस, तेव्हा मला हसूच आलं होतं. "इकत घेऊन दही कोण खाईल गं, आन् तेबी बर्फासारखं?" तू म्हणालीस, "वरून आंबा घालून देते, पाच वाट्या मागशील तू!"

आमच्याकडं दही आईच्या हातून चालत आलं. लग्न होऊन मी पाबळहून निघाले तेव्हा आईनं धुतलेल्या फडक्याला घट्ट दही चोळलं, सावलीत वाळवलं आणि माझ्या पदरात बांधून दिलं. सासरी ते फडकं कोमट दुधात बुडवलं की सकाळी माहेरचं दही तयार. सुवर्णाला शिरूरला दिली, तेव्हा तिलाही तसंच. पुढं एकीचं विरजण बिघडलं की दुसरीकडून जायचं. एकदा माझं बिघडलं, तर ती ऐन मे महिन्यात मांडीवर बरणी धरून एसटीनं आली. न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी निम्मं दही नव्या साडीवर. दारातूनच ओरडली, "आक्के, हसू नगंस, आधी दूध तापव!" ती देवाघरी गेल्यापासून तुमच्याकडं पिशवीतलं दही येतं. माझ्या गाडग्यात मात्र तिनं आणलेलंच अजून चालू आहे.

आता जे सांगायचं ते सांगते. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी तू कंपनीची पावडर दुधात कालवलीस, कॅन फ्रीजमध्ये ठेवलास आणि मला दुकानात बसवून हारतुऱ्यांच्या मागं दुपारभर फिरत राहिलीस. मी झाकण काढून पाहिलं. विरजणाचा पत्ता नाही, आणि असल्या गारठ्यात दही लागतं कुठं? पोरगी घाईत विसरली, असं वाटलं; दही त्या पावडरीतच असतं, हे मला काय ठाऊक! तुझ्या घरासाठी आणलेल्या बरणीतलं दोन चमचे घातलं, कॅन गोणपाटात गुंडाळून उन्हात ठेवला आणि तू यायच्या आत परत जागेवर. मनात म्हटलं, सुवर्णाचं काहीतरी लेकीच्या दुकानात असू दे.

दुसऱ्या दिवशी एवढ्या पाहुण्यांसमोर मशीनमधून गुठळ्या पडल्या, ते घरघरलं आणि बंद पडलं. उद्‌घाटनाला आलेल्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "या मालाला कुणी हात लावला?" तू कोपऱ्यातल्या गोणपाटाकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. आणि म्हणालीस, "माझ्याशिवाय कुणीच नाही, सर." मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि भाचीच्या आड लपले. वर तूच मला स्टँडवर सोडलंस, उसाचा रस पाजलास. रागावली असतीस तर बरं झालं असतं गं.

ज्ञानेश सांगतो, मालकिणीनंच कंपनीच्या मालात बाहेरचं काही मिसळलं असेल तर दुकान जाणार. तिच्या नकळत बाहेरच्या कुणी केलं असेल, तर मशीन धुऊन पुन्हा सुरू करू देतील. म्हणून सोबत दुसरा कागद जोडलाय. त्यात माझ्या हातून घडलं तेवढंच लिहून सही केलीय. तो साहेबांना दे, हे पत्र तुझ्याजवळ ठेव. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मीही येतेय, त्यांच्यापुढं तोंडानं सांगेन. ही कोण, असं विचारलं तर मावशी म्हणू नकोस. यवतची कुणी बाई, न विचारता आत शिरली, एवढंच म्हण. मला वाईट वाटणार नाही. ते गेले की मात्र हाक मार. मी बाहेर पायरीवरच बसलेली असेन.

तुझीच,
सोजरामावशी