हायरॅक्सच्या चार ओळी

॥ श्री ॥
राजाजीनगर, बंगळूर
१२ जानेवारी १९६१

चि. रघुपतीस जमनाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं चालतो-बोलतो आहोत; तूही खुशाल असशील असं धरून लिहिते.

तुझं पत्र मिळालं. अप्पांना चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा माझा घसा बसला, तेव्हा उरलेलं उद्या ऐकू असं ते उदारपणे म्हणाले. दिवसभर शाळेत मुलींवर ओरडायचं आणि घरी येऊन आफ्रिकेतल्या प्राण्याची दिनचर्या वाचायची, असं माझं चाललं आहे.

तुला ठाऊकच आहे, कॉलेजात एकतीस वर्षं त्यांनी हायरॅक्सची एकुलती एक कवटी मुलांपुढे धरली. दिसायला सशाएवढा, पण गोत हत्तीचं, हे सांगताना त्यांचा चेहरा कसा खुलायचा! जिवंत हायरॅक्स मात्र त्यांनी जन्मात पाहिला नाही. तू रेल्वेच्या नोकरीवर नैवाशाला गेलास आणि क्वार्टरमागच्या खडकांवर ते राहतात असं कळवलंस, तेव्हापासून तुझ्या पत्रात त्याच्या चार ओळी नसल्या तर म्हातारा नीट जेवत नाही. म्हणून मी दर वेळी तुझ्यामागे लागते, की बाबा, हायरॅक्सचं लिही.

आता मुख्य गोष्ट. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्याला डॉक्टर फार तर सहा महिने देतात. गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही म्हणे. अप्पांना तुझा चेहरा एकदा पाहायचा आहे. ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. सहा वर्षं झाली, रजा काढ आणि ये. मीही थकले आहे रे. बापाचं एकटीने करते याचं दुःख नाही, पण कोणी विचारतही नाही.

शेजारच्या सकवारबाई तुझी आठवण काढतात. लोभ वाढवण्याइतकं त्राण कोणाला आहे, आहे तेवढा राखावा.

तुझी,
जमनाक्का


नैवाशा, केनिया
६ फेब्रुवारी १९६१

ती. जमनाक्कास रघुपतीचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मन उदास झालं.

रजेसाठी अर्ज केला आहे, पण सध्या माणसं कमी आहेत. पावसाळ्यानंतर बघू असं साहेब म्हणतात. अप्पांना समजावून सांग.

हायरॅक्सचं लिहितो. इथले लोक त्याला पिंबी म्हणतात. मागच्या बाजूला त्यांनी नवीन बिळं खणली आहेत. पुढच्या पायांनी माती कशी भराभर उडवतात ते बघत राहावंसं वाटतं. पहाटे अंधारातच सगळा कळप चरायला निघतो. माद्या वर्षातून तीनदा वितात. परवाच पिल्लं पाहिली, उंदराच्या पिल्लांसारखी लालभडक, डोळे मिटलेली. अप्पांना हे वाचून बरं वाटेल.

तू तब्येत सांभाळ. दूर आहे म्हणून माया पातळ झाली असं समजू नये.

तुझा,
रघू


॥ श्री ॥
बंगळूर
२४ फेब्रुवारी १९६१

चि. रघुपतीस अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. अक्षर जमनाचं, मजकूर माझा.

तुझं पत्र ऐकलं. हायरॅक्सच्या पायांना माती कोरणारी नखं नसतात. बोथट असतात, खुरांच्या वळणाची. तळवा मऊ आणि ओलसर, त्यामुळे उभ्या कातळावर तो चिकटून चढतो, पण बीळ खणणं त्याच्या बापाला जमायचं नाही. खडकातली आयती फट बघून राहतो. पहाटे अंधारात तो निघत नाही. अंगातली ऊब त्याला नीट राखता येत नाही, म्हणून उन्हं वर आली की आधी एकमेकांना बिलगून शेकत पडतात आणि मग चरायला जातात. मादी साडेसात महिने पोट वागवते. मग वर्षात तीनदा कशी विणार? आणि पिल्लू जन्मतं ते उघड्या डोळ्यांनी, अंगभर केस घेऊन. त्याच दिवशी धावू लागतं.

पहिल्या काही वर्षांची तुझी पत्रं खरी होती. सगळे एकाच ठरलेल्या दगडावर विधीला जातात आणि तो दगड पांढरा पडतो, हे तू पाहिल्याशिवाय लिहिलं नसतंस. गेली दोन वर्षं तू न पाहता लिहितो आहेस. म्हणजे त्या खडकांपाशी तू राहत नाहीस. कुठे आहेस ते मी विचारत नाही.

मी गप्प राहिलो, कारण चूक दाखवली असती तर तुझी पत्रं थांबली असती. नापास होण्याच्या भीतीने मुलं वर्गात यायची बंद होतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. पण आता माझ्यापाशी वेळ थोडा आहे. नोकरी असो, नसो, तू ये. हायरॅक्सचं काही नसलं तरी चालेल.

तुझा,
अप्पा

ता. क. रघू, मला तुम्हां दोघांचाही राग आला आहे. एकाने खोटं लिहिलं, दुसऱ्याने ते खोटं आहे हे ठाऊक असून चार-चार वेळा वाचून घेतलं, आणि घसा बसला माझा. पण हायरॅक्सचं लिही म्हणून तुझ्यामागे मीच लागले होते, हेही विसरता येत नाही. — जमना


मोंबासा
२२ मार्च १९६१

ती. अप्पांस व ती. जमनाक्कास रघुपतीचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र कुठून लिहितो आहे ते वर पाहिलंच असेल.

दोन वर्षांपूर्वी साहेबाशी हमरीतुमरी केली आणि नोकरी गेली. चूक माझीच होती. तेव्हापासून इथे एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलतो. नैवाशाचा माझा दोस्त देवाप्पा तुमची पत्रं इकडे पाठवायचा आणि माझी तिथून टाकायचा. मोठा अधिकारी होऊन परत येईन असं सांगून निघालो होतो, अप्पा. रिकाम्या हातांनी दारात उभं राहायची लाज वाटली. रजेचा अर्जही खोटाच होता.

येत्या तीन तारखेच्या बोटीने निघतो. त्याआधी एक काम करून आलो. नैवाशाला जाऊन दोन सकाळी त्या खडकांसमोर बसलो. तुम्ही म्हणता तसंच आहे. उन्हं आल्यावर ते एकावर एक पडून शेकले. मुठीएवढं पिल्लू आईच्या पाठीवर चढलं, टक्क उघड्या डोळ्यांनी. वर उंच दगडावर एक म्हातारी मादी पहाऱ्याला होती. गरुड उन्हाच्या बाजूने येतो म्हणून ती थेट सूर्याकडे बघत होती, पापणीही न मिटता. खाली सगळे चरून आले, तरी ती काही उतरली नाही. जमनाक्का, मला तू आठवलीस.

बाकीचं समोर बसून सांगतो. लोभ मागायला आता तोंड नाही, तरी मागतो.

आपला,
रघू


॥ श्री ॥
बंगळूर
८ एप्रिल १९६१

चि. रघुपतीस जमनाक्काचे आशीर्वाद. वि. वि. मुंबईला उतरल्यावर तू बसवंतमामांकडे जाशीलच, म्हणून हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकते. वाचूनच गाडीत बस.

मला पिंबी म्हणालास त्याचा समाचार घरी आलास की घेईन. पण त्या ओळी वाचताना माझा आवाज अडकला. पहिल्याच खेपेला अडकला, हे अप्पांनी ओळखलं. पुन्हा वाच असं ते म्हणाले नाहीत. पिल्लाचे डोळे उघडे होते एवढं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि खूश होऊन आंबील मागून घेतली.

आता जे लिहिते ते तुला कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे. डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, पण तीनही पुरे झाले नाहीत. गेल्या मंगळवारी सकाळी ते नेहमीसारखे पायरीवर उन्हात बसले होते. अजून उजाडलं कसं नाही, असं त्यांनी मला विचारलं. ऊन त्यांच्या तोंडावर होतं रे. आज आभाळ आहे, असं मी म्हणाले. त्यांनी हाताने गाल चाचपला, तो तापला होता.

तू उशीर केलास असं मी म्हणणार नाही. ते तुझं तुला कळेल. ते रोज पायरीवर बसतात आणि फाटक वाजलं की तोंड तिकडे वळवतात. सकवारबाई आल्या तरी वळवतात. म्हणून एवढंच सांगायचं आहे. फाटकातून आत आलास की ते ओळखतील म्हणून गप्प उभा राहू नकोस. आधी हाक मार. मग जवळ बस आणि त्यांचे हात तुझ्या तोंडावर ने. एकतीस वर्षं त्यांनी ती कवटी हातांनीच शिकवली आहे, तुझा चेहराही त्यांना कळेल.

लोभ तुझ्याबरोबरच घरी येऊ दे.

तुझी,
जमनाक्का