मालकांना विचारलं का?

सोमवार, ४. सकाळी ७.
अंगणात परकी गाडी. निळी. बाहेर रस्त्यावर नव्हे, फाटकाच्या आत! माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली नाक खुपसून उभी. हे म्हणाले, असू दे गं, असेल कोणाची तरी. यांचा स्वभाव पहिल्यापासून गायीचा. पण घर माझ्या नावावर आहे. सासऱ्यांनी जाण्याआधी करून दिलं, माणूस पारखून.
संकल्प: रागवायचं नाही. आधी जप, मग भांडण.

मंगळवार, ५.
लायब्ररीतून कायद्याचं पुस्तक आणलं. वर्गणी भरलेलीच असते, वसूल तरी होते. मॅट्रिकला मी पहिल्या वर्गात होते, कलमं भराभर समजली. खाजगी जागेत कोणी गाडी लावली तर आपण ती ढकलायची नाही, ओरखडा काढायचा नाही, चाकातली हवा सोडायची नाही. दिसेल असा फलक लावायचा, चोवीस तासांची नोटीस द्यायची, मग परवाना असलेल्या टोइंगवाल्याला बोलवायचं. तो गाडी सरकारी गाडीतळावर नेऊन ठेवतो.
हवेचं कलम वाचलं तेव्हा सोडून झाली होती. एकाच चाकाची. ती धरत नाही.

दुपारी ४.
हे सायकलचा पंप घेऊन त्या चाकात हवा भरत होते. घामाघूम. विचारलं तर म्हणाले, परक्याची असली तरी वस्तू आहे. देवमाणूस. अशांमुळेच लोक माजतात.

बुधवार, ६. सकाळी ९.
फाटकावर फलक आणि गाडीवर नोटीस लावली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, ठळक अक्षरात. चिकटवायला कणकेची खळ, म्हणजे खर्च शून्य. हे नोटिशीपुढे बराच वेळ उभे. मग हळूच विचारलं, रंग तरी बरा आहे ना? मी म्हटलं, डोळ्यांत खुपतो.
शेजारीण दिवसभर खिडकीत असते, म्हणून तिचं नावच खिडकी. ती म्हणाली, वहिनी, आधी घरात तर विचारून बघा. मी म्हटलं, आमच्या घरात माझ्याशिवाय कायदा कोणाला कळतो? तिनं तोंडावर पदर धरला आणि खिडकी लावून घेतली. आजवर पहिल्यांदा. दरारा म्हणतात तो हा.

गुरुवार, ७. सकाळी ९.
चहा घेताना हे म्हणाले, तुला एक सांगायचंय, पण रागावणार नाहीस ना? मी म्हटलं, चोवीस तास भरायला दहा मिनिटं आहेत, नंतर सांगा. गेले आंघोळीला.

सकाळी १०.
फत्ते!
टोइंगवाला फलक, नोटीस, फोटो बघून चाट पडला. म्हणाला, बाई, एवढं रीतसर कोणी करत नाही. आणि मग विचारलंच, मालकांना विचारलं का? बाईमाणूस पुढे दिसलं की यांचा हाच प्रश्न! मी ताडकन म्हटलं, मालक आंघोळीला गेलेत, आणि त्यांना काय विचारायचंय? सही माझी चालते. तो गोंधळला. म्हणाला, म्हणजे मालक घरातच आहेत? मी म्हटलं, असले तरी ते माझ्यापुढे बोलत नाहीत.
ठोकली सही.
गाडी साखळीला लटकून फाटकाबाहेर पडली तेवढ्यात हे टॉवेलवरच धावत आले, डोक्याला साबण. शाबासकी द्यायला आले असावेत. 

शुक्रवार, ८.
फाटकाला कुलूप घातलं. अंगण कसं मोकळं मोकळं. हे जेवले नाहीत. पित्त असेल.

शनिवार, ९.
गाडीतळाचं पत्र. 'वाहन मालकीण' म्हणून माझं नाव. तीनदा वाचलं. चुकलं असतं तर शुद्धलेखनावर धरलं असतं, पण वेलांट्यासुद्धा बरोबर.
हे भिंतीकडे बघत म्हणाले, प्रार्थनेला जाताना गुडघ्यांमुळे वाटेत तीनदा बसतेस, म्हणून घेतली. जुनीच आहे. बायकांच्या नावावर नोंदणी स्वस्त पडते, तेवढं तरी तुला आवडेल वाटलं. गेल्या महिन्यात विम्याच्या म्हणून घेतलेल्या सह्या याच होत्या.
मी म्हटलं, मग तोंडाला कुलूप होतं का? तर म्हणे, सोमवारपासून सांगतोय. साफ खोटं. एकदाच सांगत होते, तेही आंघोळीच्या घाईत.
गुडघ्यांचं मी कधी बोलले नव्हते.

सोमवार, ११.
गाडीतळावर गेलो. चालत. वाटेत एकदाही बसले नाही, दुखलं तरी. उचलण्याचे पैसे वेगळे, चार दिवसांचं भाडं वेगळं. पावती माझ्याच नावाची.
कारकून भला माणूस. मला म्हणाला, ताई, मालकीण तुम्ही आणि तुम्हाला न विचारता गाडी उचलली? सोडू नका. ज्यानं उचलायला लावली त्याच्यावर तक्रार करा, भरपाई मिळते. यांना खोकल्याची उबळ आली, ते बाहेर गेले.
मी मान ताठ ठेवून म्हटलं, सोडणार नाहीच.
फॉर्म फुकट होता. आणलाय. 'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यापर्यंत भरून झालाय.