शेंदूर लावलेली तोफ

मु. बंदर, जि. रत्नागिरी
ता. ४ फेब्रुवारी १९७३

ति. आक्कास,
गहिनीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पुन्हा तेच केलंस ना? लहानपणी दसऱ्याला माझ्या पाटीवर कुंकू ओतून अक्षर बुजवायचीस, आता तोफेवर शेंदूर! तुझ्या कार्डात एकच ओळ, की कोटावरच्या तोफेला मी शेंदूर लावला आन आमिनाबीनं वरून हिरवी चादर घातली. कावून? निम्मी लाल, निम्मी हिरवी. तोफ हाय का पोपट?

दोनशे वर्षांमागं निजामाच्या कुण्या सरदारानं फौजेसाठी कोट बांधला, तवा ती तोफ बुरजावर चढली. तिच्या पाठीवर फारसी अक्षरं हायेत. ती शेंदराखाली गेली तर बघणारानं बघायचं काय? मी इथं समुद्रातल्या किल्ल्यावर चुना मळतो. जुन्या वास्तूंच्या खात्याचे आमचे साहेब तोफेचा गंजसुद्धा मऊ कुंचल्यानं काढतेत, लेकराचं तोंड पुसावं तसं. माणसं होडीत बसून येतेत, अक्षरावरून बोट फिरवतेत.

इथं पाणी इतकं हाय की डोळे दुखतेत, पण घोटभर पिता येत न्हाई. परवा सपान पडलं. समुद्र घाट चढून आपल्या कोटापाशी आलता. धारूरच्या अंगानं होड्या येत व्हत्या, आन मी दरवाज्यात उभा राहून एकेकाला हात देऊन उतरवत व्हतो. गाव सोडताना बोललो ते ध्यानात हाय ना? कोट लोकांना दाखवायचं काम मिळालं तरच माघारी येईन. न्हाईतर मी हाय आन हा खारा वारा हाय.

शेंदूर खरवडून टाक. दाजींना नमस्कार. रागावलोय, तरी माया पातळ करू नको.

तुझा धाकटा,
गहिनीनाथ

---

मु. कोटवाडी, ता. केज
ता. १९ फेब्रुवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास,
केसरचे अ. उ. आशीर्वाद.

पोपट म्हनलास, ते आमिनाबीला वाचून दाखवलं. ती लई हसली. म्हनली, पोराला सांग, पोपट जिता हाय म्हनून बोलतोय, बुरूज पडला असता तर बोलाया काय राहिलं असतं.

बाबा, ते कार्ड घाईत लिहिलं, पोस्टमन दारात उभा व्हता. आता सगळं ऐक. दाजी बैलं घेऊन छावणीवर गेलेत. मी दुष्काळी कामावर खडी फोडते, कारखान्याच्या नव्या रस्त्याची. मुकादम सुग्रीव म्हनला, डोंगर फोडत बसण्यापरीस कोटाचा बुरूज पाडू, घडीव दगड आयता हाय. मोहनराव चेअरमनांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहारी लागणार व्हत्या. मी हजेरीवरची बाई, मी काय म्हनणार? माझ्या शब्दाला कोण इचारतंय? म्हनून झुंजूमुंजूला आमी दोघी वर चढलो. मी शेंदूर चोपडला. आमिनाबी म्हनली, नुसत्या शेंदरानं तुमचे हात थांबतील, आमच्या पोरांचे न्हाई. तिच्या सासऱ्याचे वाडवडील ह्याच तोफेचे गोलंदाज. तिनं चादर घातली, ऊद लावला. सूर्य वर आला तसा बुरूज असा दिसाया लागला, की मलाच खरं वाटाया लागलं. मी लावलेला शेंदूर, आन मीच हात जोडले.

पहार कुणी उचलली न्हाई. पण सुग्रीवनं डूख धरून कामच थांबवलं, हे तुला तिकडं बसून कसं कळावं? आठवडाभर हजेरी न्हाई. बाया पाण्याच्या टँकरपाशी मला जागा देत न्हाईत. बायनाबाई सगळ्यांदेखत म्हनली, केसरच्या तोफेनं आमच्या लेकरांच्या तोंडातली मिलो ज्वारीची भाकर पळवली. ती खोटं बोलत न्हाई रे. सोमवारपर्यंत दुसरं काम निघालं न्हाई, तर मीच चादर काढून पहार हातात घेणार हाय. तू रागाव न्हाईतर रड.

जिवाला जप. आठवण येऊ दे, पण भाकरीच्या आधी नको.

तुझी आक्का,
केसर

---

मु. बंदर
ता. २३ फेब्रुवारी १९७३

ति. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आन तडक साहेबांकडं गेलतो. चौथी नापास माणूस साहेबाला काय सांगणार, पण सांगितलं. ते मला हाताला धरून किल्ल्याच्या मधोमध घेऊन गेले. आक्का, चारी बाजूंनी खारा समुद्र, आन मधी गोड पाण्याचा हौद! तोही गाळानं भरला व्हता, गेल्या साली उपसला. साहेब म्हनले, फौजेचा कोट पाण्याबिगर कुणी बांधत न्हाई, तुमच्या कोटातही असणार.

असणार काय, हाय! बुरजाच्या पोटाशी तो खड्डा, जिथं आपली शेरडं सावलीला बसायची, त्याला चारी बाजूंनी घडीव पायऱ्या न्हाईत का? तोच हौद. तळ्याचा, हौदाचा गाळ काढणं दुष्काळी कामात बसतं, साहेबांनी शिक्क्याच्या कागदावर तसं लिहून दिलंय, सोबत हाय. आत ढासळलेला दगड खडीला जाऊ दे, बुरजाचा न्हाई. हजेरी तीच, बाया त्याच.

मोहनरावांना दादा-बाबा करून सांग. न्हाईच ऐकलं तर सांग, की गहिनीनाथ हौदापाशी पाटी लावणार हाय, आन तिच्यावर पहिलं नाव चेअरमनसाहेबांचं. माणूस नावापाशी विरघळतो, बघ. पायऱ्यांच्या फटी नुसत्या मातीनं भरू नका. चुन्यात गूळ आन हिरड्याचं पाणी घालून मळा, आठ दिवस मुरू द्या.

सोमवार माझ्या कागदाच्या आधी येऊ नये, एवढंच इथल्या देवाला म्हनतो.

तुझाच,
गहिनीनाथ

---

मु. कोटवाडी
ता. २१ एप्रिल १९७३

चि. गहिनीनाथ यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा कागद सोमवारी दुपारी आला. मी सकाळीच पहार घेऊन बुरजाखाली गेलते. हात उचलला न्हाई. नुसती उन्हात बसून राहिले, बाया शिव्या देत राहिल्या. पोस्टमन तिथंच हुडकत आला.

मोहनराव पाटीचं नाव ऐकून विरघळले, तुझं खरं ठरलं. हौदाचं काम निघालं. महिनाभर गाळच गाळ. मग एका सकाळी बायनाबाईच्या गाळाच्या पाटीत ओली वाळू आली. कुणी पाणी म्हनालं न्हाई, नजर लागंल म्हनून. दुसऱ्या दिवशी तळाला वीतभर पाणी, आन त्यात बुरूज उलटा दिसत व्हता, चादरीसकट. पहिला तांब्या कुणी पिला न्हाई. बायनाबाईनं तो वर नेऊन तोफेला घातला. आता शेंदूर तीच लावते, माझी पाळीच येत न्हाई.

चुन्याचं मात्र चुकलं. गुळाची ढेप बघून बायांचा हात चुन्याकडं जाईना. निम्मा गूळ चुन्याला, निम्मा लेकरांना. दोन पायऱ्यांच्या फटी भुसभुशीत झाल्यात, त्या तू येऊन भर.

आन ऐक, तुझा पहिला पाहुणा येऊन गेला. बीडचे कोणी साहेब काम बघायला आलते. बुरजावर चपला काढून चढले आन इचारलं, हे दैवत कोणतं? आमिनाबीनं सगळं सांगितलं, की दैवत न्हाई साहेब, तोफ हाय, फौजेची हाय, आमचे म्हातारे हिचे गोलंदाज. सगळं ऐकून ते खाली उतरले, पण चपला हातातच धरून हौदापर्यंत गेले.

आता सांग, शेंदूर खरवडू का? तू म्हनशील तसं.

वाट बघणारी,
तुझी आक्का

---

मु. बंदर
ता. ६ मे १९७३

ति. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

खरवडू नको. तुला माझी आण हाय.

साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी कुंचला खाली ठेवला. मग म्हनले, अक्षरं शेंदराखाली झाकून राहतील, गंजायची न्हाईत. राहू दे.

काल पुन्हा तेच सपान पडलं. ह्या बारीला समुद्र नव्हता. नुसता हौद व्हता, आन माणसं पायऱ्या उतरून त्यात वाकून बघत व्हती, आपलं तोंड आन बुरूज एकाच पाण्यात. मी कुणाला हात देत नव्हतो. मी फटीत चुना भरत व्हतो, आन तू वरून वरडत व्हतीस की जेवाया ये.

महिन्याभरात पावसापायी इथल्या होड्या बंद होतेत, मग माझा रस्ता धारूरचा. पाटी मीच रंगवलीय. वर मोहनरावांचं नाव, शब्द दिलाय. खाली लिहिलंय: ही तोफ हाय, देव न्हाई. चपला काढल्या तरी चालतंय.

बायनाबाईला, आमिनाबीला नमस्कार. भेटीपर्यंत माया हाय तशीच गरम ठेव.

तुझा,
गहिनीनाथ

ता. क. तोफेच्या शेंदरा-तेलाला, आमिनाबीच्या उदाला, आन चुन्याबरोबर लेकरांनाही पुरंल एवढ्या गुळाला मनिऑर्डर करतोय, एकवीस रुपये.