टोपलीतून गळलेलं नाव

४ फेब्रुवारी
दुपारी कमलआत्या अचानक दारात. बाबांची चुलत बहीण, उंद्रीची. सकाळपासून पोटात काही नाही. मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी आज चिखलीहून निघणार होती. महिन्यापूर्वी तपासणी झालेली, नाव नोंदवलेलं. गाडीपाशी गेली तर यादी धरून बसलेला म्हणाला, तुम्ही कालच्याच गाडीत गेल्या.

"कागदावर माहं आपरेशन झालं म्हने. मंग मले काऊन दिसत नाही वं?"

स्वतःच हसली. मीही हसले. मग चहा ठेवला, तर कप उचलायच्या आधी तिची बोटं बशीच्या कडेकडेनं फिरली. हसू गेलं.

यादी इरफानभाऊंच्या कॉम्प्युटर सेंटरमधून निघालेली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप कट्ट्यावरचे ते जुने. पुण्याहून परत आल्यावर हा ग्रुप मी याचसाठी सुरू केला, की लहान गावात एकट्यानं कोड लिहिणाऱ्यांनी एकमेकांना कोडचे उपयोगी तुकडे द्यावेत, अडलं तर विचारावं. इतकी वर्षं सांगून हे असं. उद्या जाऊन बोलतेच.

५ फेब्रु.
गेले. बोललेही, बरंच.

उंद्रीत कमलाबाई दोन. नवऱ्यांचं नाव तेच, आडनावही तेच. दोघींनी नाव नोंदवलं. प्रोग्रॅमनं दुसरीची ओळ दुबार समजून गाळली. पहिली परवाच्या गाडीत बसली.

मी : "नाव आन् गाव जुळलं म्हनून मानूस एकच झालं का, इरफानभाऊ? वय तरी पाहाचं!"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "रागाऊ नका ताई. म्या त्यातलं एक अक्षर नाही बदललं."

सातवी ओळ. टोपली.

कोडमध्ये नावं देताना घरातल्या वस्तू घ्यायची सवय माझी, दुसऱ्या कुणाची नाही. टोपलीत एकेक नाव टाकत जायचं, तेच नाव पुन्हा आलं की सोडून द्यायचं. मीच लिहिलेलं. मीच वाटलेलं.

बाहेर येऊन चप्पल शोधत उभी होते. पायातच होती.

७ फेब्रु.
जुनी पोस्ट सापडली. "यादीतली दुबार नावं काढायला छोटा तुकडा. बिनधास्त वापरा." खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, अंगठे. आठवतं, त्या दिवशी किती खुशीत होते.

तपासून पाहिला होता की. वीस नावांची यादी घेऊन. वीसही मीच रचलेली, दोन वेगळ्या माणसांचं नाव एकच, असं त्यात एकही नाही. आणि शाळेत आमच्या वर्गात तीन संगीता. मास्तर त्यांना खिडकीची, दाराची आणि मधली म्हणत. हे ज्या मुलीला माहीत, तिनं…

कामात लक्ष नाही. ऑफिसच्या कॉलवर दोनदा "हो" म्हणाले. कशाला, ते आता मेल बघून शोधावं लागेल.

मोह आहे. जुनी पोस्ट काढायची, त्या जागी दुरुस्त केलेली ठेवायची. कोण बघतंय?

८ फेब्रु.
इ.भाऊंचा फोन. शिबिरवाले पुढच्या गाडीत घेऊ म्हणतात, तारीख सांगत नाहीत. भाऊंना ते चारचौघांत बोलले : तुम्हाला साधी यादी करता येत नाही.

"तुमी सांगितलं नाही, कोड कोनाचा ते?"

"काऊन सांगू? लावला तं म्या ना. आन् ताई, तुमचे बाकीचे तुकडे चांगलेच चालून राह्यले सेंटरवर. एका गोष्टीसाठी नाव काय घ्याचं?"

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

१० फेब्रु.
जीपनं उंद्रीला. दोन्हीकडे हरभऱ्याची सोंगणी चाललेली. आत्या ओसरीवर गोधडी घेऊन बसली होती, शिवत नव्हती. मला पाहताच सुई पुढे केली. "ओवून दे पोरी. सून शेतात गेली." मी सहा सुया ओवल्या, कापडात ओळीनं टोचून ठेवल्या.

म्हणाले, खाजगी दवाखान्यात करू, सगळं मी बघते.

"नाही वं. माहं नाव होतं तिथं. म्या अंगठा देल्ला, त्याइनं टॉर्च मारला डोयात. मी तिथंच जाईन."

मग सांगितलंच. "आत्या, चूक त्याइची नाही. माही हाय."

"तू कुठं होती तिथं?"

म्हटलं, यादी गाळायची रीत मी लिहून ठेवली होती, सगळ्यांना दिली होती. रीतच चुकीची.

ती सुया चाचपत राहिली. बोटानं मोजत असावी. मग म्हणाली, "अजून कोनाकोनाले देल्ली व्हती?"

रागावली नाही. नुसतं विचारलं. जीपमध्ये ग्रुपवरची नावं मोजत आले.

११ फेब्रु.
सकाळी पहिलं काम. जुनी पोस्ट काढली नाही. तिच्याखालीच लिहिलं :

"हा तुकडा चुकीचा आहे आणि तो माझा आहे. यानं एका बाईचं ऑपरेशन हुकलं. यादी करणाऱ्याची चूक नव्हती. कोडमध्ये टोपली दिसली तर तो हाच. नाव जुळलं म्हणून ओळ गाळू नका. बाजूला ठेवा, माणसाला फोन करून विचारा, मगच ठरवा. नवा तुकडा सोबत आहे. तोही तपासून घ्या."

शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.

अंगठे आले. एकानं लिहिलं, "मॅडम, आमचं मस्त चालू हाय, चालू गाडीले काऊन हात लावाचा?" अमडापूरचे एक सर नुसतं "पाहतो" म्हणाले आणि मग दिवसभर काहीच नाही. दर पाच मिनिटांनी फोन उघडतेय. त्यांच्या यादीत कुणाची नावं असतील?

इ.भाऊंनी पोस्ट शिबिरवाल्यांना पाठवली. मला फक्त : "काय गरज होती ताई."

१४ फेब्रु.
नवी यादी आली. दोन्ही कमलाबाई आहेत, प्रत्येकीपुढे वय आणि घरचा फोन. पहिलीपुढे 'झाले'. आत्यापुढे 'बाकी'. तारखेचा रकाना अजून कोरा.

आत्याला फोन केला. "नाव हाय ना?" "हाय." "मंग येईल गाडी." आणि लगेच, "सुया संपल्या वं. कधी येतं?"

रविवारी जाईन म्हटलं.

दुपारी कट्ट्यावर एका भलत्याच ग्रुपवरचा फोटो फिरत आला. माझ्या ओळखीचं तिथं कुणी नाही. कुठल्याशा गावच्या यादीसाठी एकानं दुबार नावं काढायचा उपाय विचारलाय, दुसऱ्यानं तुकडा दिलाय. माझं नाव कुठंच नाही. सातव्या ओळीत टोपली. खाली : "धन्यवाद भाऊ, एका मिनिटात काम झालं."

ग्रुपमध्ये घ्या, अशी विनंती पाठवलीय. अजून घेतलेलं नाही. घेतलं की टाकायचा मजकूर लिहून ठेवलाय. पहिलं वाक्य : नमस्कार, ही टोपली माझी आहे.