वाटणीतला ट्रॅक्टर

राणीसावरगाव,
१२ मार्च २०२४

तीर्थरूप दिनकरमामांस,
दैवशालाचा शि.सा.न. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहायलेय.

अण्णांच्या जमिनीत मी माझा हिस्सा घेतला, ते परमेश्वरदादाला अजून पचलं न्हाई. वाटणीच्या दिवशी चार माणसांत तो हसत म्हणाला, बहिणीला अण्णांचा जुना ट्रॅक्टरही देऊन टाका, लोखंडाचे तरी पैसे होतील. मी घेतला. आता त्यानं गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना बजावलंय, दैवशालाच्या रानात नांगर घालायचा न्हाई. ठीक हाय. मी अण्णांच्याच ट्रॅक्टरनं नांगरीन.

तुमी त्याचे पहिले डायव्हर, म्हणून विचारते. टाकी धुतली, बॅटरी नवी बसवली. सुरू होतो, नांगराच्या दोन-चार फेऱ्या ओढतो अन् धापा टाकत बंद पडतो. बराच वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू. मिस्त्री म्हणतो पंप गेला, असला पंप आता मिळत न्हाई, भंगारात घाला. तुमाला काय वाटतं?

मामीला दंडवत. माझ्यावरची माया आटू देऊ नका.
तुमची,
दैवशाला


पिंगळी,
१६ मार्च

चि. दैवशालास अनेक आशीर्वाद.

पंपाला हात लावू नकोस. आधी डिझेल फिल्टर बदल. मग त्यावरचा हवेचा स्क्रू सैल करून डिझेलचा छोटा हातपंप मारत राहा. फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळ. एवढं करूनही बंद पडला, तर मिस्त्री खरा.

आता तू न विचारलेलं सांगतो. सख्ख्या भावाशी किती झुंजणार? थोडं तू सोड, थोडं तो सोडेल. लहानपणी चिंचेच्या एका शेंगेसाठी तू त्याच्या मनगटाला चावली होतीस, ती खूण अजून हाय म्हणे! मामीनं हळद धाडलीय. लोभ हायेच, तो वाढव.
तुझा मामा,
दिनकर


राणीसावरगाव,
२१ मार्च

ती. मामांस शि.सा.न.

सांगितलं तसं सगळं केलं. बोटं सोलली. ट्रॅक्टर चालला अन् पुन्हा रानाच्या मधोमध बंद पडला. बांधावर बसलेली माणसं हसली.

संध्याकाळी दादानं त्याच्या गड्याला, सितारामला धाडलं. हक्कसोडपत्रावर सही कर, उद्या दुपारपर्यंत रान नांगरून देतो, असा निरोप. मी म्हणलं, दादाला सांग, कुदळीनं खणीन, पण सही देणार न्हाई.

तुमी म्हणता थोडं सोड. मामा, सोडायला माझ्याकडं हाय काय? गाव त्याच्या बाजूनं, ट्रॅक्टरवाले त्याच्या बाजूनं. माझ्याकडं नुसता हेका हाय, तो मी सोडत न्हाई.

रागानं लिहिलं तरी पाया पडते.
दैवशाला


पिंगळी,
२५ मार्च

चि. दैवशालास आशीर्वाद.

मग पंपच गेला, पोरी. माझा इलाज संपला. येत्या रविवारी येतो अन् तुमा दोघांना समोरासमोर बसवतो. तोवर तोंडाला आवर घाल. जिवाला जप.
तुझा मामा


राणीसावरगाव,
२८ मार्च

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पंप गेला न्हाई!

काल ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा डिझेल किती उरलंय बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं सूं करून हवा आत ओढली. मी झाकण तसंच ढिलं ठेवलं अन् सेल्फ मारला. इंजिन तापलेलं होतं, तरी लगेच सुरू! झाकण उलटं करून बघितलं, तर हवा आत जायचं बारीक छिद्र कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलेलं. हवाच जात न्हाई तर डिझेल खाली येईल कसं? दाभणानं माती काढली. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत ट्रॅक्टर एकदाही थांबला न्हाई. सगळं रान बांधाला लावून नांगरलं.

दादा रस्त्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, अण्णांची आठवण हाय ती, परत दे. मी इंजिन बंद केलं न्हाई. वरूनच ओरडून सांगितलं, आठवण पाहिजे तर फोटो ने, ट्रॅक्टर माझा हाय.

शेजारच्या रानातल्या सरजाबाईची पोरं ऊसतोडीहून अजून परतली न्हाईत. ती माझ्याशी बोलते म्हणून तिच्याही रानात कुणी नांगर घालायला तयार न्हाई. उद्या तिचं रान धरते. दुसऱ्याच्या रानात गेलीस तर बघ, असा दादाचा निरोप आलाय. टाकी भरून ठेवलीय.

रविवारी समेट करायला येणार असाल, तर मामा, येऊ नका. नांगरट बघायला येणार असाल, तर सकाळीच या. भाकरी शेतातच खाऊ.
तुमच्या मायेची हक्कदार,
दैवशाला